लेकीचा वाटा कायद्यात आणणारा मराठी वकील : हरी विनायक पाटसकर

तुमच्या घरात शेवटची वाटणी कधी झाली, आठवतंय? आजोबा गेल्यावर? की गावाकडचं घर विकायला काढलं तेव्हा? त्या कागदांवर कुणाकुणाच्या सह्या होत्या? बाबांच्या, काकांच्या. आणि आत्यांच्या? बहुतेक घरांत आत्यांच्याही सह्या असतात. पण त्या वाटा घेतल्याच्या नसतात, सोडल्याच्या असतात. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात.

आता जरा विचार करा. हक्क सोडायचा तर तो आधी असावा लागतो. तुमच्या पणजीला भाऊ असतील, तर वडिलांच्या जमिनीत तिचा वाटाच नव्हता. तिच्या सहीची कुणाला गरजच पडत नव्हती. मग आत्याची सही घ्यायला तिला खास गावी बोलवायची वेळ कधीपासून आली? १७ जून १९५६ पासून. त्या दिवशी हिंदू वारसा कायदा लागू झाला.

या कायद्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे आपण शाळेत शिकतो. पण बाबासाहेब मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर हे विधेयक संसदेत मांडलं कुणी? कलमामागून कलम लढवून ते मंजूर कुणी करून घेतलं? त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. हरी विनायक पाटसकर. खानदेशातले वकील, जळगावचे खासदार, केंद्रात कायदा मंत्रालयातले मंत्री आणि पुढे मध्य प्रदेशचे राज्यपाल. चला, आज त्यांची ओळख करून घेऊया.

इंदापूर ते दिल्ली

पाटसकरांचा जन्म १५ मे १८९२ चा, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा. शिक्षण पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात झालं, नंतर ते कायदा शिकले आणि वकिलीसाठी खानदेशात गेले. आजचा जळगाव जिल्हा तेव्हा पूर्व खानदेश म्हणून ओळखला जायचा.

त्या काळी जिल्ह्याच्या कोर्टात दिवाणी वकिलाकडे काय यायचं? भावाभावांच्या वाटणीचे दावे, दत्तक खरा की खोटा याचे वाद, विधवा भावजयीला पोटगी किती द्यायची यावरची भांडणं. एकत्र कुटुंब बाहेरून कितीही छान दिसलं, तरी त्यातल्या बायकांच्या हाती काय उरतं, ते वकिलाला रोजच्या रोज दिसायचं. नवरा गेला की घरातली कर्ती बाई एका दिवसात पोटगीवर यायची.

पाटसकर काँग्रेसमध्ये होते. देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या संविधान सभेचे ते सदस्य झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जळगावमधून लोकसभेवर निवडून आले. पुढे पंडित नेहरूंच्या सरकारमध्ये त्यांच्याकडे कायदा मंत्रालयातलं मंत्रिपद आलं. आणि त्याबरोबर एक असं काम आलं, ज्यात हात घालायला भले भले कचरत होते.

बाबासाहेबांचं अर्धं राहिलेलं काम

हे काम म्हणजे हिंदू कोड बिल. त्याची सुरुवात स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. १९३७ मध्ये डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नांतून हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क देणारा कायदा झाला. पण तो हक्क तिच्या हयातीपुरताच होता. तिनं जमीन कसावी, उत्पन्न खावं, पण सहसा विकू नये, कुणाला देऊ नये. ती गेली की जमीन पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे. मुलींना तर या कायद्यात काहीच नव्हतं. १९४१ मध्ये बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हिंदूंचा लग्न, वारसा, दत्तक यांचा सगळा कायदा एकत्र लिहायचं काम सुरू झालं.

स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी तो मसुदा अधिक धारदार केला. एका वेळी एकच लग्न, घटस्फोटाची सोय, मुलीला वारसा, विधवेला पूर्ण मालकी, जात न बघता लग्न आणि दत्तक. सगळं एकाच विधेयकात.

विरोधही तसाच झाला. दिल्लीत रामलीला मैदानावर सभा झाल्या, संसदेवर मोर्चे आले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनाच हे विधेयक पसंत नव्हतं आणि त्यांनी ते नेहरूंना लिहून कळवलं. काँग्रेसच्या आतही नाराजी होती. १९५१ मध्ये चर्चा रेंगाळत गेली आणि विधेयक बाजूला पडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची झालेली हेळसांड हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

निवडणुकीतही हा मुद्दा गाजला. फुलपूरला नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी याच विधेयकाला विरोध म्हणून उभे राहिले. नेहरू मोठ्या मतांनी निवडून आले. पण एक गोष्ट त्यांनी ओळखली. सगळं एकाच विधेयकात घातलं, तर सगळे विरोधक एकाच वेळी अंगावर येतात. मग एका विधेयकाचे वेगवेगळे भाग करायचं ठरलं. आधी लग्न, मग वारसा, मग अज्ञान मुलांचं पालकत्व, शेवटी दत्तक आणि पोटगी.

हे भाग संसदेत मांडून तडीस न्यायचे, तर कायद्याचा बारकावा आणि माणसांशी वागायचा धीर, दोन्ही लागणार होतं. ते काम पाटसकरांवर आलं.

आधी लग्नाचा कायदा

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला. त्याआधी देशाच्या बऱ्याच भागांत हिंदू पुरुष एक बायको असताना दुसरी करू शकत होता आणि पहिलीला त्यातून सुटायचा रस्ता नव्हता. मुंबई प्रांताने हे आधीच बदललं होतं. द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्ये आणि घटस्फोटाचा १९४७ मध्ये तिथे झाला होता. पाटसकर याच प्रांतातले. पण पुण्या-मुंबईला जे चालून गेलं, ते साऱ्या देशाच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं.

हिंदू महासभेचे एन. सी. चॅटर्जी स्वतः नामवंत वकील होते आणि सभागृहात त्यांचा विरोध कडवा होता. लग्न हा संस्कार आहे, तो मोडता येत नाही, असं विरोधकांचं म्हणणं होतं. दुसऱ्या बाजूला रेणू चक्रवर्ती, सुचेता कृपलानी, जयश्री रायजी, उमा नेहरू अशा स्त्री खासदार होत्या. शेवटी कायदा झाला तो दोन्ही बाजूंचा विचार करूनच. सप्तपदी राहिली, पण दुसरं लग्न गुन्हा ठरलं. घटस्फोटाची वाट उघडली, पण अरुंद. आज आपल्याला नवल वाटेल, पण छळ हे कारण तेव्हा कोर्टाकडून वेगळं राहण्याची परवानगी मिळवण्यापुरतंच होतं. त्यावरून घटस्फोट मागता येईल, अशी दुरुस्ती १९७६ मध्ये झाली. परस्पर संमतीने घटस्फोटही तेव्हाच आला. लग्नासाठी मुलीचं किमान वय तेव्हा १५ आणि मुलाचं १८ होतं. ते १८ आणि २१ झालं १९७८ मध्ये.

आणि या कायद्यावर सही कुणाची होती? डॉ. राजेंद्र प्रसाद यांची. मत विरोधी असलं, तरी संसदेने मंजूर केलेल्या कायद्याला त्यांनी संमती दिली.

बारा एकरांचं गणित

खरी कसोटी पुढे होती. लग्नाच्या कायद्यावर लोक चिडले होते, पण वारसा म्हटल्यावर प्रत्येकाला आपली जमीन दिसू लागली. विरोधकांचे मुद्दे वाचले तर ओळखीचे वाटतील, कारण ते आजही घराघरांत ऐकू येतात. मुलगी सासरी जाते, मग तिला माहेरची जमीन कशाला? लग्नात खर्च केलाच की. जमिनीचे तुकडे होतील. जावई येऊन घरात लुडबुड करेल. भावाबहिणींतलं प्रेम आटेल.

शेवटी काय ठरलं, ते एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा वडिलांकडे १२ एकर जमीन आहे. आई आधीच वारली आहे. एक मुलगा, एक मुलगी. वडील मृत्युपत्र न करता गेले.

जमीन वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली असेल, तर १९५६ च्या कायद्याने मुलाला ६ एकर आणि मुलीला ६ एकर. बरोबरीचा वाटा. आपल्या देशातल्या लाखो घरांत हे पहिल्यांदाच घडणार होतं.

पण जमीन वडिलोपार्जित असेल तर? तिथे जुनी रीत राहिली होती. त्या रीतीप्रमाणे मुलाला जन्मतःच वडिलांच्या बरोबरीने हक्क असे. मग हिशेब असा व्हायचा. आधी १२ एकरांचे दोन भाग करायचे, ६ वडिलांचे आणि ६ मुलाचे. वडिलांच्या ६ एकरांत मुलगा आणि मुलगी सारखे वाटेकरी, म्हणजे तीन-तीन. एकूण काय, मुलाला ९ एकर आणि मुलीला ३.

बाबासाहेबांच्या मसुद्यात जन्मतः मिळणारा हा हक्कच काढून टाकायचा होता. १९५६ च्या कायद्यात तो राहिला. आणखी एक तडजोड झाली ती राहत्या घराची. मुलीचा घरात वाटा आहे, पण भाऊ स्वतः वाटणी करायला तयार होईपर्यंत तिने ती मागायची नाही. अविवाहित, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली मुलगी त्या घरात राहू शकेल, एवढंच.

मग या कायद्यात मोठं असं काय होतं? त्याचं १४ वं कलम. मी तर म्हणेन, प्रत्येक घरात हे कलम माहीत असायला हवं. बाईकडे जी मिळकत आहे, तिची ती पूर्ण मालक. हयातीपुरती नाही, पोटगीपुरती नाही. ती विकू शकते, लेकीला देऊ शकते, मृत्युपत्रात कुणाच्याही नावे करू शकते. कायदा लागू होण्याआधीपासून जी विधवा हयातीपुरत्या हक्काने जमीन कसत होती, तीही मालक झाली. आदल्या दिवशीपर्यंत जिला दिराला विचारावं लागत होतं, ती दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाने व्यवहार करू शकत होती.

९ आणि ३ हा वाटा अन्यायाचा होताच. पण शून्यावरून तीनवर यायला पिढ्या गेल्या होत्या. पाटसकरांच्या हातून झालेला कायदा पूर्ण नव्हता, पण तो मंजूर झाला होता. बाबासाहेबांचा मसुदा याहून कितीतरी न्याय्य होता आणि तो अडवला गेला होता. त्या वेळच्या संसदेने जेवढं पदरात घातलं, तेवढं पाटसकरांनी घेतलं. पुढच्या पिढ्यांना दुरुस्ती करायला निदान एक कायदा हातात मिळाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालकत्वाचा कायदा आला. दत्तक आणि पोटगीच्या कायद्याला २१ डिसेंबर १९५६ रोजी संमती मिळाली. मुलगी दत्तक घेणं त्याने कायदेशीर झालं, विधवेला आणि अविवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने मूल दत्तक घेता येऊ लागलं. बाबासाहेबांचं निधन ६ डिसेंबरला दिल्लीत झालं होतं. एका विधेयकाचे जे भाग केले होते, त्यातला शेवटचा कायदा झाला, तेव्हा त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले होते.

भोपाळचं राजभवन

१४ जून १९५७ ला पाटसकर मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले आणि १० फेब्रुवारी १९६५ पर्यंत, म्हणजे साडेसात वर्षांहून जास्त काळ, त्या पदावर राहिले.

हे राज्य तेव्हा नुकतंच, १ नोव्हेंबर १९५६ ला तयार झालं होतं. जुन्या मध्य प्रांताचा हिंदी भाग, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ असे चार तुकडे जोडून ते बनवलं होतं. कुठे संस्थानी कारभार मुरलेला, कुठे इंग्रजी अमलाची शिस्त. इंदूर आणि ग्वाल्हेरमध्ये मराठी घरं पिढ्यानपिढ्या राहत होती. बस्तर आणि झाबुआसारखे मोठे आदिवासी भाग होते. घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे अशा भागांची खास जबाबदारी राज्यपालावर असते आणि त्यांच्या कारभाराचा अहवाल त्याला राष्ट्रपतींना द्यावा लागतो.

मुख्यमंत्री होते कैलाशनाथ काटजू. ते स्वतः मोठे वकील, केंद्रात गृहमंत्री राहिलेले, त्याआधी ओडिशा आणि पश्चिम बंगालचे राज्यपाल. म्हणजे राजभवनातही वकील आणि मंत्रालयातही वकील! १९६२ च्या निवडणुकीत मात्र काटजू स्वतःच पडले आणि २८८ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला १४२ जागा मिळाल्या. बहुमताला तीन कमी. सगळ्यात मोठा पक्ष काँग्रेसच होता आणि भगवंतराव मंडलोई मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी द्वारकाप्रसाद मिश्र आले. तीन मुख्यमंत्री आले, पण राजभवन बातम्यांचं केंद्र झालं नाही. आजच्या बातम्या बघता, हे सांगण्यासारखं आहे ना?

राज्यपाल हाच राज्यातल्या विद्यापीठांचा कुलपती असतो. पाटसकरांच्या काळात, एकट्या १९६४ मध्ये, इंदूर, ग्वाल्हेर आणि रायपूरला विद्यापीठं सुरू झाली. जबलपूरला कृषी विद्यापीठही त्याच वर्षी आलं. १९६३ मध्ये पाटसकरांना पद्मविभूषण देऊन गौरवण्यात आलं.

बेळगावच्या चर्चेत पाटसकरांचं नाव का येतं?

सीमाप्रश्नाबद्दल वाचताना तुम्ही 'पाटसकर सूत्र' हा शब्द ऐकला असेल. ते पाटसकर हेच.

राज्यांची भाषावार रचना झाल्यावर आंध्र आणि मद्रास यांच्यात सीमेचा वाद उभा राहिला. दोन्ही राज्यांनी पाटसकरांना मध्यस्थ म्हणून मान्य केलं. खरं तर हा वकिलाला शोभणारा सन्मान. दोन्ही पक्षकारांनी एकाच माणसावर विश्वास टाकायचा!

पाटसकरांनी धरलेली पद्धत सामान्य माणसालाही कळेल अशी आहे. अख्खा तालुका इकडे की तिकडे, असं न बघता एकेक गाव बघायचं. त्या गावात कोणती भाषा बोलणारे जास्त, ते बघायचं. आणि ते गाव त्या भाषेच्या राज्याला लागून आहे का, हे तपासायचं. गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता. या आधारावर काही गावं इकडून तिकडे गेली, काही तिकडून इकडे आली. तिरुत्तणी मद्रासकडे आलं. संसदेने १९५९ मध्ये कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून नवी सीमा लागू झाली.

योगायोग बघा. तिरुत्तणी हे डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचं जन्मगाव. पाटसकरांची विधेयकं राज्यसभेत आली, तेव्हा सभापतीच्या खुर्चीत हेच राधाकृष्णन होते.

बेळगाव, कारवार, निपाणी या भागाबद्दल महाराष्ट्र हीच पद्धत लावा म्हणत आला आहे. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने मान्य केला नाही आणि २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. आंध्र आणि मद्रासचा वाद मिटला, कारण दोघांनी मध्यस्थ आणि त्याची पद्धत आधीच मान्य केली होती. तसं इथे झालं नाही.

शेवटची पाच वर्षं

राजभवन सोडल्यावर वयाच्या ७२ व्या वर्षी कुणीही निवांत बसलं असतं. पाटसकरांकडे १९६५ मध्ये आणखी एक अवघड काम आलं. आसामच्या डोंगराळ भागातल्या गारो, खासी, जयंतिया वगैरे लोकांना वेगळं राज्य हवं होतं. त्यावर तोडगा सुचवण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष झाले. आसाममध्येच राहून डोंगरी भागाला कारभारात जास्त अधिकार द्यावेत, असं आयोगाने १९६६ मध्ये सुचवलं. डोंगरी नेत्यांना ते पटलं नाही. पुढे मेघालय झालं, आधी १९७० मध्ये आसामच्या आत स्वायत्त राज्य आणि २१ जानेवारी १९७२ पासून पूर्ण राज्य. इथे पाटसकरांची तडजोड टिकली नाही, हे मान्य करायला हवं. मधला मार्ग प्रत्येक वेळी लागू पडतोच असं नाही.

त्यानंतर ते पुण्याला परतले आणि १९६७ पासून पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. २१ फेब्रुवारी १९७० ला त्यांचं निधन झालं.

मग उरलेल्या ३ एकरांचं काय झालं?

आपल्या बारा एकरांच्या गोष्टीत मुलीला ३ मिळाले होते. बरोबरी व्हायला तिला आणखी ३ हवे होते. ते मिळायला जवळपास पन्नास वर्षं लागली.

आधी काही राज्यांनी आपापले बदल केले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण ज्यांचं लग्न त्याआधी झालं होतं त्यांना वगळलं. मग संसदेने साऱ्या देशासाठी दुरुस्ती केली. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. राहत्या घराच्या वाटणीवरची आडकाठीही गेली. तरी कोर्टात एक वाद राहिलाच. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय? ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. आता आपल्या उदाहरणात हिशेब झाला ६ आणि ६.

आपल्यापैकी जे दिल्ली, नोएडा, गुरुग्राम भागात राहतात, त्यांनी अजून एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९५६ च्या कायद्याने शेतजमिनीच्या कुळकायद्यांसारख्या राज्यांच्या कायद्यांना हात लावला नव्हता. दिल्लीच्या १९५४ च्या जमीन सुधारणा कायद्यात शेतजमिनीच्या वारसाहक्कात मुलगे आधी आणि मुली मागे होत्या. उत्तर प्रदेशातही लग्न झालेल्या मुलीला मागेच ठेवलं होतं. आज जिथे उंच टॉवर उभे आहेत, त्यातल्या कितीतरी जमिनी पूर्वी शेतीच्या होत्या. त्या विकल्या गेल्या तेव्हा त्या घरांतल्या मुलींच्या हाती काय आलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि एक काम अजून बाकी आहे. विवाहित बाई मृत्युपत्र न करता वारली, तिला मूलबाळ नसेल आणि नवराही आधीच गेलेला असेल, तर तिने स्वतः कमावलेली मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. हा नियम १९५६ पासून तसाच आहे आणि तो बदलावा अशी मागणी बरीच वर्षं सुरू आहे.

तुमच्या घरासाठी चार गोष्टी

• हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचा. आपण नेमकं काय सोडतोय आणि त्याची किंमत काय, हे विचारायला लाजू नका. हक्क सोडणं ही तुमची मर्जी आहे, ती सक्ती नव्हे.

• मिळकत स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित, हे आधी समजून घ्या. गावी गेलात की सात-बारा आणि फेरफार काढून बघा. वारसनोंदीत मुलींची नावं लागली आहेत का ते तपासा.

• आई, मावशी, आत्या, तुम्ही स्वतः, कुणाच्याही नावावर घर, पैसे, दागिने असतील तर मृत्युपत्र करा. कमावत्या मुलींनी तर नक्कीच करावं.

• जुन्या वाटण्यांचे नियम वेगळे असू शकतात. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणी होऊन किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी सहसा पुन्हा उघडत नाही. म्हणून वकिलाचा सल्ला घ्या.

दिल्लीत जुन्या संसद भवनाला आता संविधान सदन म्हणतात. मुलांना घेऊन त्या बाजूला गेलात, तर बाबासाहेबांबरोबर हे दुसरं नावही त्यांना सांगा. इंदापुरात जन्मलेला, खानदेशात वकिली केलेला हा माणूस इथे उभा राहून 'मुलीला जमीन कशाला' या प्रश्नाला सामोरा गेला होता. हाच प्रश्न तुमच्या घरात पुढच्या वाटणीच्या वेळी कुणीतरी विचारेल. तेव्हा तुम्ही काय म्हणाल? यंदाच्या भाऊबीजेला, ओवाळणी घालण्याआधी, भावाबहिणींनी मिळून यावर एकदा बोलून बघा.